काका, उतरलं की

बीपीचा पट्टा चर्रकन सुटला की मला त्या दुष्काळी वर्षातला औरंगपुऱ्यातला दवाखाना आठवतो. वडिलांचं बीपी दोनशेच्या वर गेलं होतं. "गोळ्या घेत राहिलात तर नातवंडं खेळवाल," डॉक्टर म्हणाले. महिन्यानं तपासताना कंपाउंडर हसून म्हणाला, "काका, उतरलं की." वडिलांना वाटलं, ताप उतरतो तसं उतरलं, आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ते हंड्याशेजारी कोसळले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, ऊन लागलं. ऊन कसलं? उतरलं तरी गोळी थांबवू नका, एवढं त्या दिवशी सांगायला त्या दवाखान्यात कुणाला तोंड नव्हतं. परवा माझा पट्टा सोडत सिस्टर म्हणाली, "उतरलं." मी म्हटलं, "उतरलं नाय, गोळीनं दाबून धरलंय. तसंच सांगत जा लोकांना."