काळी चारचा तबला

देवीवर आयुष्यात एकदाच मी मनापासून चिडले, आणि तेही नवरात्राच्या पहिल्याच दिवशी. सत्तर सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. गांधीबागेतल्या एका संगीत मंडळाने नऊ दिवस नऊ गायिकांचं गाणं ठेवलं होतं. दारावर कापडी फलक होता, 'स्त्रीस्वराचा उत्सव'. मंडळात मात्र औषधालाही बाई नव्हती. पहिल्या दिवशी सकाळी आमच्या ताईंचं गाणं होतं. ताई म्हणजे माझ्या गुरू. लकडगंजातल्या एका लहानशा देवीच्या देवळात त्या तीस वर्षं रोज गायल्या, कारण सासरच्यांना सभेतलं गाणं खपत नव्हतं आणि देवळातल्या गाण्याला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. साठी गाठल्यावर गावाने त्यांना पहिल्यांदा मंचावर बोलावलं. त्यातून दोन वर्षांपूर्वीच्या टायफॉइडने ताईंचे खालचे सूर नेले होते. काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी, ही त्यांची नेहमीची पट्टी, तेवढी शाबूत होती. आज गाणं फसलं असतं तर 'बाई संपली' म्हणायला लोक मोकळे होते.

मी मागे तानपुऱ्यावर बसणार होते. निघताना देवळात जाऊन देवीला म्हटलं, आज लाज राख. सभागृहात पोचलो, तानपुरा लावला, आणि तबलजींनी तबल्यावर थाप मारताच मी वाकून तबल्याचं तोंड पाहिलं. तबला पांढरी दोनचा होता, पुरुष गवयांसाठीचा, लहान तोंडाचा. बायकांच्या काळी चारला मोठ्या तोंडाचा तबला लागतो. लहान तबला तिथवर उतरवला तर चामड्याची वादी सैल पडते आणि तो डबड्यासारखा वाजतो. पांढरी दोनचा तबला गळ्याच्या एक सप्तक वर बोलतो, त्यामुळे त्याच्याशी जुळवून गायचं तर ताईंना त्या गेलेल्या खालच्या सुरांतच उतरावं लागलं असतं. पुढच्या आठ गायिका बाहेरगावच्या होत्या, त्या आपापले तबलजी घेऊन येणार होत्या. गावातल्या बाईसाठी मंडळाचा नेहमीचा तबला काढून ठेवला होता. तबलजी मंडळाच्या चिटणिसांकडे न बघता म्हणाले, "मी काल सांगतलं होतं यायले, हा चालत नाई म्हून."

चिटणीस घड्याळ बघत होते. "काय फरक पडते बाई? घ्या ना थोडं खाली. पाहुणे येऊन राहिले."

स्त्रीस्वराचा उत्सव, आणि बाईचा स्वर कोणता हे एकालाही ठाऊक नाही! माझं डोकं भणाणून गेलं. पण खरं सांगायचं तर त्याहून वाईट मी वागले. पाहुणे खोळंबतील, ताईंना हेकट म्हणतील, या भीतीने मीच त्यांच्या कानाशी म्हटलं, "ताई, आजच्या दिवस घ्या जुळवून." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. "मी उतरणार नाई," त्या म्हणाल्या. "देवीच्या मनात असंल तं होईल सोय. नाई तं नुसत्या तानपुऱ्यावर गाईन." आणि डोळे मिटून बसल्या.

मला ते बसणं बघवेना. पाहुण्यांची भाषणं सुरू झाली तशी मी बाहेर रस्त्यावर आले. हातगाड्यांवरून कापडाचे गठ्ठे उतरत होते. त्या गर्दीत उभी राहून मी मनातल्या मनात देवीला वाट्टेल ते बोलले. तीस वर्षं तुझ्यापुढे गायलेल्या बाईला तुझ्याच नवरात्रात एक तबला मिळू नये? डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"काहून रडून राहिली वं?"

नऊवारीतली एक पोक्त बाई समोर उभी होती. काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मी रागारागाने सगळं सांगितलं. तिने फडकं सोडलं. आत मोठ्या तोंडाचा तबला होता, कोऱ्या कातडी पुडीचा. त्यांच्या बायकांच्या भजनी मंडळाचा. संध्याकाळच्या भजनासाठी ती तो नुकताच मढवून आणत होती. "चाल," ती म्हणाली, "मलेही आयकू दे तुई बाई."

तबलजींनी हातोडीचे चार ठोके दिले आणि तबला काळी चारला मिळाला. ताईंनी डोळे उघडले. तो षड्ज लागला तेव्हा माझी बोटं तारांवर कशी फिरत राहिली ते मला सांगता येणार नाही. दोन तास सभागृहातून कोणी उठलं नाही.

मग आभार. चिटणिसांनी अध्यक्षांचे आभार मानले, मांडववाल्याचे मानले, आणि 'मंडळाने ऐनवेळी केलेल्या सोयीचा'ही उल्लेख केला. मी ताडकन उठणार होते, पण ताईंनी माझा हात दाबला. मंडळाने अंगावर घातलेली शाल काढून त्या स्वतः मंचावरून खाली उतरल्या आणि थेट दारापर्यंत गेल्या. पास नाही म्हणून त्या बाईला चपलांपाशी बसवलं होतं. ताईंनी शाल तिच्या खांद्यांवर घातली.

ती संकोचली. मी विचारलं, तुमच्या मंडळात हा तबला कसा? तिला प्रश्नच कळला नाही. "आमी बायका खालच्या पट्टीत गात नाई वं," ती म्हणाली. "देवीले आयकू कसं जाईन?" मग तबला फडक्यात बांधून ती लगबगीने भजनाच्या तयारीला निघून गेली.

कोणी याला योगायोग म्हणेल, म्हणो. त्या संध्याकाळी मी देवळात गेले आणि देवीची क्षमा मागितली, रागावल्याबद्दल नाही, ताईंना खाली यायला सांगितल्याबद्दल. शरण जाणं म्हणजे मान तुकवणं, असं मी समजत होते. ताई शरण गेल्या होत्या देवीला, आणि म्हणूनच चिटणिसांपुढे जागच्या हलल्या नाहीत. आता मीही म्हातारी झाले आहे. देवीपुढे रोज डोकं टेकते, आणि उठून काळी चारला तानपुरा लावते.