भाऊजी टायगरला हाक मारतात

माझ्या थोरल्या साडूंचा, म्हणजे भाऊजींचा, देवावर नसेल एवढा विश्वास स्वतःच्या हाकेवर आहे. आपण हाक मारावी आणि समोरच्याने यावं, याखेरीज जगात दुसरी काही व्यवस्था असू शकते हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. गोंदियाजवळ कुडव्याच्या रस्त्याला त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. गिऱ्हाईक आत शिरतं ते त्याला हवं ते मागायला, आणि बाहेर पडतं ते भाऊजींना पटलं ते घेऊन. एकाने आपल्या बांधीसाठी, म्हणजे भातखाचरासाठी, धानाच्या एका वाणाचं नाव घेतलं, तर भाऊजी म्हणाले, "तुया बांधीत ते होत नाही. काऊन होत नाही ते विचारू नको. हे घेऊन जा." तो निमूट पिशवी उचलून गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला. याचा अर्थ भाऊजी असा लावतात की पीक चांगलं झालं. त्याच्या गावाला दुसरं दुकान जवळ नाही, हा अर्थ मी मनात ठेवतो. घरातही तोच कारभार. समोरच्या खोलीतून हाक आली की माझी मेव्हणी, जिला मी बायकोचं पाहून ताई म्हणतो, कणकेच्या हातांनी धावत येते, सून कडेवरच्या लेकीला घेऊन येते, आणि सगळे जमल्यावर भाऊजींना आठवत नाही कशाला बोलावलं ते. "आले का सारे? बरं, जा," म्हणतात.

टायगर या घरात आला तो एका गिऱ्हाइकाने गोणपाटात घालून आणलेलं तांबूस गावठी पिल्लू म्हणून. नाव भाऊजींनी ठेवलं. ते ऐकून परक्या माणसाला जी धास्ती वाटते ती त्याला प्रत्यक्ष पाहिल्यावर टिकत नाही, कारण हा टायगर शेजारच्या कोंबडीला वाट देतो. घरात त्याच्यासारखा आज्ञाधारक प्राणी नाही. हाक पुरी व्हायच्या आत भाऊजींच्या पायाशी हजर. पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की तो कुणाचा कोणी नाही. बहिरा झाला असता तर भाऊजींनी सोसलं असतं. तो हाक ऐकायचा, थांबायचा, मान वळवून भाऊजींकडे नीट पाहायचा, क्षणभर विचार करायचा आणि निघून जायचा. "ऐकून राहिला जी तो!" भाऊजी मला फोनवर सांगत. "ऐकते, अन् मंग जाते!" हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच नकार होता आणि तोही भर रस्त्यात, पानठेल्यावरच्या माणसांसमोर.

मग शिक्षण सुरू झालं. मोबाइलवर त्यांना हिरव्यागार लॉनवर कुत्रा बोलावणारी एक बाई सापडली. आठवडाभर "कम, टायगर, कम!" झालं. टायगरला इंग्रजी जमेना, तर "गोंदियाचा कुत्रा आहे, हिंदी समजन," म्हणून "इधर आ!" झालं. त्यानंतर शिट्टी आली. शिट्टीने कुडव्याच्या रस्त्यावरचे स्कूटीवाले थांबले, दोघांनी डिकीतून हेल्मेट काढून डोक्यावर चढवलं, टायगर मात्र पुढे गेला. पुढे कुणीतरी कलेजीचा उपाय सुचवला. भाऊजी शर्टाच्या खिशात उकडलेली कलेजी घेऊन फिरू लागले, आणि त्यांच्या हाकेला पहिल्यांदाच जोरदार प्रतिसाद मिळाला. वस्तीतली अकरा कुत्री आली. बारावा टायगर लांब उभा राहून ही गर्दी पाहत होता.

त्या लॉनवाल्या बाईने पुढच्या भागात सांगितलं होतं, की कुत्र्याचं लक्ष वेधणारं काहीतरी आजूबाजूला ठेवावं आणि तरीही त्याला आपल्याकडे बोलवावं. ते काहीतरी म्हणून माझी नेमणूक झाली. मी गोंदियाहून रविवार मोडून गेलो आणि हापशीजवळ हातात उकडलेलं अंडं धरून उभा राहिलो. टायगर आला, अंडं खाल्लं आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला. "तुमच्यात शिस्त नाही," भाऊजी मला म्हणाले. अंडं हातात घट्ट धरण्यात काय शिस्त असते हे मी विचारलं नाही. भाऊजींचा साडू झाल्यापासून मीही बोलावलं की जातो, विचारत नाही.

खरी गोष्ट ताईला पहिल्या दिवसापासून दिसत होती. अर्ध्या तासाने का होईना, टायगर परत यायचाच. आला की भाऊजी त्याचा कान धरून त्याला लोकांसमोर भाषण द्यायचे, आणि भाषण संपलं की गळ्यात साखळी. ताई एकदा धान पाखडता पाखडता म्हणाली, "येऊन का करन तो? आला का बोलनी, आला का साखळी. मी कुत्रा असती तर मीही नसती आली." भाऊजींनी हे ऐकलं. ते ऐकतात, आणि मग जातात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे त्यांच्या गाडीतून नवेगाव बांधला गेलो. टायगरही होता, कारण मोकळ्या जागेत तो आता येतो असं भाऊजींनी जाहीर केलं होतं. तलावाकाठी त्यांनी पट्टा सोडला. टायगरने पाण्यावरची बदकं पाहिली आणि तो काठाकाठाने झाडीत दिसेनासा झाला. भाऊजींनी छाती भरून हाक दिली, "टायगर! टायगर!"

व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी, झाडीकडे हात करून, बारा बांध्या ओलांडणाऱ्या आवाजात हा शब्द ओरडू नये, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. सहलीला आलेली एक बस होती. त्यातली माणसं भेळेचे कागद टाकून बसकडे पळाली. एका आजोबांना दोघांनी खिडकीतून आत ओढलं. काठाला आलेल्या मासेमाराने डोंगा पुन्हा पाण्यात ढकलला. शेवटी वनरक्षक धावत आला, "कुठं पाहिला? केवढा होता?" भाऊजींनी गुडघ्याएवढा हात दाखवला. "बछडा!" म्हणून तो आणखी घाबरला, कारण मग आईही जवळच असणार. एवढ्यात झाडीतून टायगर आला, तोंडात कुणाची तरी चप्पल घेऊन. वनरक्षक भाऊजींना जे बोलला ते मी लिहीत नाही. भाऊजींनी ते सगळं जसंच्या तसं टायगरला ऐकवलं आणि साखळी लावली.

परतताना कोहमाऱ्याला चहासाठी थांबलो. ढाब्यासमोर गाडीचं दार उघडलं आणि टायगरने मान मागे खेचून पट्ट्यातून डोकं सोडवलं. साखळी आणि पट्टा भाऊजींच्या हातात राहिला. टायगर हायवेवर गेला आणि अगदी मधोमध गोंधळून उभा राहिला. इकडून ट्रक, तिकडून ट्रक. "टायगर! इकडे ये! ये म्हणतो ना!" भाऊजी गरजले. दर हाकेला तो अंग चोरून एक पाऊल मागे, तिकडच्या गाड्यांकडे सरकत होता. एक टँकर त्याच्या शेपटीजवळून गेला. ताईने डोळे मिटून घेतले.

"चाचा, चिल्लाओ मत," ढाबेवाला म्हणाला, "आपसे ही डर रहा है वो."

मी भाऊजींना इतकी वर्षं ओळखतो. कुणी चूप करावं आणि त्यांनी व्हावं, असं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी साखळी खाली टाकली. इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीनिशी ते रस्त्याकडेच्या गिट्टीत गुडघ्यांवर बसले, आणि जो आवाज निघाला तो मला आधी त्यांचा वाटलाच नाही. "ये गा बापू," ते म्हणाले. "ये ना. नाही बोलत तुले. काहीच नाही बोलत. ये." एका ट्रकवाल्याने हे पाहून ब्रेक लावला आणि मागच्यांना हात दाखवून थांबवलं. टायगर पोट जमिनीला घासत आला. शेवटच्या हातभर अंतरावर भाऊजींचा हात सवयीने कानाकडे गेला. हात कानावर पोचला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो अख्खा कुत्रा उचलून छातीशी धरला. चहा तसाच राहिला.

आम्ही पुन्हा गाडीत बसलो. गोरेगावला भाऊजींनी घसा साफ केला. "पाहा जी," मला म्हणाले, "आला का नाही एका हाकेत?" त्यानंतर दुकानात खताच्या पोत्याबरोबर कुत्रा कसा बोलवावा याचा सल्ला मिळू लागला. बसून बोलवा, गोड बोलवा, आल्यावर बोलू नका. हे सगळं आपण स्वतः शोधून काढलं असं ते सांगतात. ताई ऐकते आणि धान पाखडते.

परवा संध्याकाळी मी कुडव्याला गेलो तेव्हा भाऊजी आणि टायगर वस्तीमागच्या कापणी झालेल्या बांधीत होते. टायगर लांबच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बगळ्यांच्या मागे धावत होता. भाऊजी नुसते उभे होते. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, पण बसायला काही आणलं नव्हतं. दिवस बुडत आला होता, मला डास चावत होते, आणि दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं.

"बोलवा ना," मी म्हटलं.

"येते तो," भाऊजी म्हणाले. "आता बलावलो का येते."

"मग बोलवा की."

त्यांनी धुऱ्याकडे बोट दाखवलं. तिकडे टायगरने चारी पायांवर उडी मारली, बगळा हुकला, तो पुन्हा धावला.

"खेळून राहिला ना जी," ते हळूच म्हणाले. "खेळू द्या थोडा वेळ."

आम्ही दोघे धसकटांत तसेच उभे राहिलो.