बंद करायचं बटण

“चालू कसा होतो ते राहू द्या. बंद कसा होतो ते दाखवा.”

दुकानदाराने गाण्यांचा प्लेयर काउंटरवर ठेवला रे ठेवला, की आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका हेच म्हणायचे. मग डोळे मिटायचे, उजवा हात पाठीमागे धरायचे आणि ती काडेपेटीएवढी वस्तू डाव्या हातात घेऊन अंगठ्याने चाचपत बसायचे. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारांना वाटायचं, म्हातारा चळला. वाटू दे. चळलं होतं ते बाकीचं जग, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

काकूंना पॅरालिसिसचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समज मात्र पूर्ण शाबूत होती. काकांची बहीण मदतीला म्हणून येऊन राहिली आणि तिने पहिल्याच दिवशी प्लगला लावायची मंत्रपेटी काकूंच्या उशाशी सुरू केली. उठल्यापासून झोपेपर्यंत तीच एक ओळ. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि भेटायला येणारे हात जोडून म्हणायचे, केवढा भाव आहे बघा! भाव कसला डोंबलाचा!

एका गुरुवारी लाइट गेली आणि पेटी थांबली. काकूंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, त्या शांत झोपल्या. लाइट आली, पेटी पुन्हा सुरू झाली, डोळे पुन्हा भरले. काका हे सगळं बघत होते. संध्याकाळी माझ्याकडे आले, चहाही घेतला नाही.

“ती इतके महिने ओरडत होती गं,” ते म्हणाले. “आणि आम्ही नमस्कार करत होतो.”

पेटी माळ्यावर गेली. पण काकांचं तेवढ्यावर भागेना. काकूंना नाट्यसंगीताचं वेड होतं. गाणं त्यांना हवंच होतं, पण ते कधी हवं आणि कधी पुरे, हे त्यांचं त्यांना ठरवता यायला हवं होतं. डाव्या हातातही जोर उरला नव्हता, त्याचा अंगठा तेवढा नीट चालत होता. त्या एका अंगठ्यासाठी आमची वणवण सुरू झाली, मी स्कूटरवर पुढे आणि काका मागे.

त्यांचा जन्म स्कूटरच्या कारखान्यात ब्रेक तपासण्यात गेला होता. तिथला शेरा ते इथेही द्यायचे. एका प्लेयरचं बटण इतकं गुळगुळीत की अंगठ्याला सापडेना. नापास. दुसरा बंद करायला बटण दाबून धरावं लागायचं, आणि काकूंच्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता. नापास. तिसरा चालू केला की आतून एक बाई इंग्रजीत किंचाळायची. काकांनी तो दुकानदाराच्याच कानाशी धरला आणि विचारलं, आपल्याला चालेल का हो हे, दुपारच्या झोपेनंतर?

एकाने तर छातीठोकपणे सांगितलं, “अहो आजोबा, आता बटणं कोण वापरतं? नुसतं बोलायचं, गाणं बंद होतं.”

“आणि बोलता येत नसेल, तर?” काकांनी विचारलं.

तो डबा बंद करायला लागला. माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! चंद्रावर यान धाडतात, आणि अंगठ्याला लागेल असं एक बटण यांना करता येत नाही.

शेवटी एका बोळातल्या दुकानात तो सापडला. धूळ खात पडलेला, काळा, ओबडधोबड. बटण चांगलं फुगीर. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, आणि पुन्हा लावलं की गाणं थांबलं होतं तिथूनच पुढे. काकांनी उभ्याने तपासला, बसून तपासला, मग दुकानातल्या बाकड्यावर चक्क आडवे झाले. “पास,” असं म्हणून उठले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ धुळीने माखली होती.

घरी येऊन त्यांनी तो काकूंच्या हातात दिला. काकूंनी गाणं लावलं, थोडं ऐकलं आणि ऐन तानेत बंद केलं. बहीण म्हणाली, अगं बाई, चांगलं चाललं होतं की! आणि तिने प्लेयरकडे हात नेला.

“हात लावायचा नाही,” काका गरजले. त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. काकूंनी पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. काका स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून ढसाढसा रडले.

काका गेल्या वर्षी गेले. स्वारगेटला बसची वाट बघत उभे होते, तिथेच कोसळले. त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला आणि त्याने काकूंना वाघोलीच्या पुढे एका वृद्धाश्रमात ठेवलं. फ्लॅट भाड्याने दिला.

मी भेटायला गेले तेव्हा काकू हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत होत्या. समोर भिंतीवर भलामोठा टीव्ही, त्यावर कुठल्याशा मालिकेतली भांडणं. प्लेयर कुठाय म्हणून विचारलं, तर तिथली मुलगी म्हणाली, “आजी लावला की बंदच करतात. आवडत नाही त्यांना, म्हणून कपाटात ठेवून दिला.”

मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्लेयर मागवून घेतला आणि काकूंच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्याने बटण शोधलं. मग तो हात कसाबसा उचलून टीव्हीकडे रोखला आणि बटण दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिल्या.

मी उठले आणि टीव्हीचा प्लग उपटला. ती मुलगी काहीतरी बोलत माझ्याकडे धावली, तिच्यामागे मॅनेजर आला. काकूंनी दोघांकडे पाहिलंच नाही. आवाज थांबला तशा त्या दाराकडे बघत होत्या, जणू त्यांच्यासाठी तो थांबवणारे काकाच आले.