लालजीशेटच्या माडीवरची कॉफी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. फळीवरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. टाकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आमच्या मुलुंडच्या बिऱ्हाडातले डबे तर सगळे कॉफीचेच! कारण आमचे हे. पंप बसवणाऱ्या कंपनीत नोकरी. पंप जाईल तिथे हे जाणार, तिथली माणसं कॉफी कशी पितात ते बघणार, आणि घरी येऊन अगदी तश्शीच करायला बसणार. लोक परगावाहून बायकोला साडी आणतात. मला कुर्गहून आलं पोतं. उघडून बघते तर हिरव्या, कच्च्या कॉफीच्या बिया!

"अगं, तिकडे घरोघरी स्वतः भाजतात," हे म्हणाले, आणि माझी पोहे भाजायची कढई शेगडीवर चढली.

आता आमची खोली पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर खाली घरमालक लालजीशेटचं काथ्याचं गोदाम. सुंभ, दोरखंड, पायपुसणी. एक ठिणगी पडली की वाट लागली! बियांनी धूर धरला, तो गॅलरीतून बाहेर गेला, आणि शेटजी "आग! आग!" करत बादली घेऊन वर धावले. आत शिरले ते थेट ओतलीच. कढई विझली, शेगडी विझली, आणि हे नखशिखांत भिजले.

हे शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "शेट, पाणी नंतर घालायचं असतं. आधी दळायची असते!"

शेटजी काही हसले नाहीत. "वसंतराव, पुन्हा धूर दिसला ना, तर खोली खाली! सामान रस्त्यावर!"

खोली गेली तर जायचं कुठे? गिरगावात दिरांच्या खोलीत आधीच पाय पसरायला जागा नव्हती. दोन खिडक्यांची, वाऱ्याची खोली मला पुन्हा कोण देणार होतं? मी यांना देवासमोर उभं केलं आणि घरात बिया भाजणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. घेतली बिचाऱ्यांनी.

* * *

मग भाजायच्या कुठे? हे चक्क होळीची वाट बघत बसले!

कंपाउंडातली होळी दरवर्षी शेटजी स्वतः पेटवायचे. पूजा झाली, नारळ पडला, आणि हे पुढे सरसावले. हातात लांब सळईला ठोकलेला पत्र्याचा डबा. तो आगीवर धरून गरागरा फिरवायला लागले. शेटजी बघत राहिले. बोलणार काय? धूर त्यांच्याच होळीचा होता!

आमच्या शेजारच्या इंदूताई, म्हणजे गोपाळराव मास्तरांच्या मंडळी, ओरडल्या, "अहो भावोजी, होळीत काय भाजताय?"

"नैवेद्य!" हे म्हणाले.

झालं. इंदूताईंनी सांडलेल्या बिया भक्तिभावाने गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर वाटल्या. शेटजींनी दोन्ही हात पुढे करून घेतल्या, कपाळाला लावल्या, चावल्या. बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, "जरा कडक आहे. पण प्रसाद आहे ना!"

* * *

यांच्या कंपनीच्या मद्रास ऑफिसातले अय्यर एकदा जेवायला आले. यांनी मद्रासहून पितळी फिल्टर आणला होता. खास त्यांना दाखवायला कॉफी करायची होती. हे मला बजावून बजावून थकले. पावडर इतकी घे, दूध असं तापव, वरून ओतताना फेस आला पाहिजे. सगळं केलं मी! फक्त जायफळ घालू नको, एवढं सांगायचं यांना सुचलं नाही. आता आपल्याकडे कॉफी म्हटली की जायफळ घालतातच. पाहुणा मोठा म्हणून मी अर्धं जायफळ किसलं.

अय्यर एक घोट प्यायले. भुवया वर गेल्या. पण माणूस सभ्य, सगळा पेला संपवला. मग भिंतीला टेकले. मग कलंडले. त्यांना संध्याकाळच्या गाडीने मद्रासला निघायचं होतं. आम्ही हलवलं, हाका मारल्या, इंदूताईंनी कानाशी ताट वाजवलं. काही नाही! गाडी गेली. दिवेलागणीला उठले, डोळे चोळत म्हणाले, "वहिनी, हमारे उधर कॉफी उठने के लिए पीता है!"

* * *

बसऱ्याहून आले ते लांब चोचीची सुरई आणि बिनकानाच्या चिमुकल्या वाट्या घेऊन. तिथली रीत अशी की यजमान सुरई घेऊन उभाच राहतो. वाटी रिकामी झाली की भरतो. पुरे झालं की पाहुण्याने वाटी हातात हलवायची. तोंडाने काहीही म्हटलं तरी ते ऐकायचं नाही.

ही रीत पाहुण्याला आधी सांगावी की नाही? पण नाही! हे म्हणाले, "तिकडे मला तरी कुणी सांगितली होती?"

पाहुणे कोण, तर गोपाळराव मास्तर. माणूस रत्नागिरीकडचा, भिडस्त. वाटी संपली की म्हणायचे, "नको, नको, पुरे." आपल्याकडे नको म्हणणाऱ्याला वाढतातच, त्यामुळे मास्तरांना त्यात काही वावगं वाटेना. आणि वाढलेलं टाकायचं नाही ही आईची शिकवण. हे ओतताहेत, मास्तर पिताहेत. काळीकुट्ट, बिनसाखरेची, वेलदोड्याची कॉफी! मास्तरांच्या कपाळावर घाम, मांडी थरथरतेय, तरी "नको, नको" चालूच. शेवटी सुरई संपली म्हणून सुटले.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी वर्षभराचा भूगोल एका तासात संपवला! घंटा झाली तेव्हा ते ऑस्ट्रेलियात होते.

* * *

एडनहून मात्र यांनी खरंच घात आणला. एकावर एक दोन काचेचे गोळे, मधे नळी, खाली स्पिरिटचा दिवा. खालचं पाणी उकळून वर चढतं, आणि दिवा काढला की कॉफी होऊन खाली उतरते. दिसायला झकास, नाही म्हणत नाही. हे ते गॅलरीत मांडून बसायचे. दिव्याला धूर नाही, म्हणून मीही गप्प होते.

पण ते दारूबंदीचे दिवस! काच, नळी, दिवा, बुडबुडे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी वर्दी दिली, आणि हवालदार दारात हजर. मागे शेटजी. भट्टी सापडली असं नुसतं म्हटलं असतं तरी आमची खोली गेली असती.

"काय गाळताय?" हवालदार.

"कॉफी," हे.

"सगळे तसंच सांगतात!"

हवालदाराने वास घेतला. समाधान होईना. पुरावा म्हणून पेला भरून घेतला आणि एका दमात घशाखाली घातला. यांनी त्या दिवशी एडनच्या धर्तीवर दूध-साखर दोन्ही वर्ज्य केलं होतं. हवालदाराने डोळे मिटले. जिन्याचा कठडा धरला. शेटजींनी विचारलं, "साहेब, काय आहे?"

"दारू नाही," हवालदार म्हणाला. "दारू असती तर परवडली असती!"

* * *

आणि आता शेटाणी.

लालजीशेटच्या पत्नी कधी वर यायच्या नाहीत. खाली गोदामाला लागून त्यांचं स्वयंपाकघर. दिवसभर तिथेच, डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. आम्हाला वाटायचं, बाई मुखदुर्बळ आहे. एकदा यांनी बायकांना सांगितलं की बसऱ्याकडे कॉफी पिऊन कप उपडा घालतात आणि गाळावरून भविष्य बघतात. दुसऱ्याच दिवशी दुपारी शेटाणी मागच्या जिन्याने वर! कॉफी प्यायल्या, कप उपडा घातला. हे गाळाकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "घरात तुमचा शब्द चालणार." शेटजी कुणाचं ऐकत नसत, तिथे हिचा शब्द कसला चालतो! पण बाईंना बरं वाटलं. मग रोज दुपारी यायला लागल्या, भविष्य विसरल्या आणि कॉफीच मागायला लागल्या. एकदा जाताना कच्च्या बियांची ओंजळ पदरात बांधून घेऊन गेल्या. मी म्हटलं, नेऊ दे बापडी.

पुढे हे कोचीनला गेले. मी कुलूप लावून भाजीला गेले होते. परत येते तो कंपाउंडात माणसंच माणसं. आमच्या गॅलरीपाशी धूर! शेटजी बादली घेऊन जिन्यात उभे.

"बस झालं, वहिनी! खोली खाली! आज! आत्ता! किल्ली काढा!"

"अहो, हे घरी नाहीत," मी रडकुंडीला आले. "मीही नव्हते. भाजणार कोण?"

"धूर काय खोटा बोलतो?"

गोपाळराव मास्तरांनी माझ्याकडून किल्ली घेऊन दार उघडलं. आत शेगडी थंड. कढई खुंटीला. आणि धूर खिडकीतून आत येत होता. आत, बाहेर नाही!

शेटजींनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. वास घेतला. पुन्हा घेतला. मग जिना उतरायला लागले. बादली हातात तशीच. मागून मी, मास्तर, इंदूताई, अख्खी बिल्डिंग.

गोदामाच्या भिंतीला लागून शेटाणी चुलीपुढे बसल्या होत्या. पुऱ्या तळायच्या कढईत बिया तडतडत होत्या. स्वयंपाकघरात धुरामुळे काही दिसत नव्हतं.

शेटजी दारात उभे. "हे काय? माझं गोदाम! मी सगळ्यांसमोर सांगितलंय, ज्याच्या घरात धूर, त्याची खोली खाली!"

शेटाणींनी मान वर केली नाही. झारा हलवत म्हणाल्या, "करू ना खाली! एवढी भाजून होऊ दे. तोवर तुम्ही तुमचं सामान बांधायला घ्या!"