नीरगंटीच्या शेताला पाणी सोडा

हुणसेहळ्ळीच्या पटेलानं नीरगंटीला फसवलं. भर सकाळी, चिंचेच्या सावलीत, सतरा-अठरा माणसांच्या देखत फसवलं. त्या माणसांत मी उभा होतो. इतकी वर्षं झाली, माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेही ठरलेलं नाही. पटेलावर, म्हणजे गावच्या पाटलावर, आहेच. गावावर आहे. नीरगंटीवरही आहे, कारण त्या सकाळी त्यानं एक वाक्य बोलायला हवं होतं आणि तो बोलला नाही.

तसा तो मुका नव्हता. पाण्याशी तर तासन्‌तास बोलायचा. खांद्यावर फावडं, कमरेला पंचा, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, आणि तोंडानं सारखं "बा, बा" चाललेलं. म्हणजे ये, ये. म्हैस घरी आणावी तसा तो पाणी पाटातून हाकत न्यायचा. कुठं अडलं तर त्याला रागवायचा, वळलं तर शाबासकी द्यायचा. माणसांशी मात्र कामापुरतं. आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की ओठ मिटले ते मिटलेच.

हुणसेहळ्ळी बंगळूरजवळ, बनशंकरीच्या देवळापुढे सायकलनं अर्ध्या तासावर होतं. त्या काळी देवळापर्यंत जाणं म्हणजेच शहराबाहेर जाणं. गावाला एक तळं, तळ्याच्या बांधाखाली पाच-पन्नास शेतं, आणि कुणाच्या शेतात कधी आणि किती वेळ पाणी जाईल हे ठरवणारा एक माणूस. तो नीरगंटी. त्याला नावही होतं, पण ते त्याच्या मुलीलाच ठाऊक असावं. गाव त्याला सुगीत प्रत्येक खळ्यावर एक पेंढी देई, आणि बांधाला लागून, तळ्याच्या दगडी दाराच्या अगदी खाली, एक शेत त्यानं कसायचं असं आज्या-पणज्यापासून ठरलेलं होतं. कागद नव्हता. कागद लागतो हेच तिथं कुणाला माहीत नव्हतं.

माझे वडील मल्लेश्वरममध्ये एका दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडून कपडे शिवायचे. मला ते बसून राहणं जमलं नाही. मी सायकल घेतली आणि खेड्यांतून उभी पिकं विकत घ्यायला लागलो. कोथिंबीर, मेथी, शेवंती, जे दिसेल ते शेतात उभं असतानाच ठरवायचं आणि पहाटे मार्केटात उतरवायचं. मला कुणी शिकवलं नाही, कुणी हात दिला नाही. भाव करण्यात मी कुणाला हार गेलो नाही. एका माणसाला गेलो.

नीरगंटीचं ते शेत मला हवं होतं. बांधातून पाणी पाझरायचं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथली माती ओली असे. तिथं बारा महिने कोथिंबीर झाली असती. शेजारचं अर्धा एकर रान मी आधीच एका म्हाताऱ्याकडून रीतसर घेतलं होतं. आता हे मिळालं की झालं. आमच्याकडे सौदा टॉवेलाखाली होतो. दोघांनी हात टॉवेलाखाली घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाकीच्यांना काही कळत नाही. मी टॉवेल टाकला. नीरगंटीनं आपला गार, चिखलाळ हात त्याखाली आणून ठेवला. मी दोन बोटं दाबली. हात तसाच. मी तीन दाबली. तसाच. पाचही दाबली, पुन्हा दाबली. एक बोट हललं नाही. तो माझ्याकडे बघत होता, हसतही नव्हता, रागावलेलाही नव्हता.

"अरे अण्णा, हात आहे की लाकूड?" मी ओरडलो. आमच्या बंगळूरच्या मराठीत, आणि कानडीतही, अण्णा म्हणून अरे-तुरे करता येतं, ती एक सोय आहे. तो मात्र मला यजमानरे, म्हणजे मालक, म्हणे.

"हात आहे, यजमानरे," तो म्हणाला. "तुम्ही धरलाय म्हणून ठेवला."

तीन वर्षं मी तो हात धरला. दर सुगीला. सौद्यात गप्प राहणारा माणूस भारी असतो हे मला धंद्यानं शिकवलं होतं. तोंड आधी उघडायचं नाही, समोरच्याला घाबरू द्यायचं, तो आपोआप आकडा वाढवतो. मला वाटायचं, हा बेरड माझीच विद्या माझ्यावर चालवतोय. मी मनातून त्याला मानायला लागलो होतो. इथंच माझं चुकलं, पण ते पुढं येईल.

एका वर्षी पाऊस फसला. तळ्यात चिखलावर हातभर पाणी उरलं, बांधातला पाझरही आटला. माझी कोथिंबीर माना टाकायला लागली आणि माझी पाळी अजून चार दिवसांवर होती. मी बांधावर जाऊन त्याला गाठलं. आधी गोड बोललो, मग ओरडलो, मग पुन्हा गोड बोललो.

"स्वल्प सोड ना. कुणाला कळतंय?"

"पाळी गौडाच्या विधवेची आहे."

"तिच्या शेतात आहे काय? नाचणीच ना? नाचणी चार दिवस थांबते."

"नाचणी थांबते, यजमानरे. बाई थांबेल का ते तिला विचारा."

विचारायला मी गेलो नाही. तो माझ्या मागं फावडं घेऊन चालत आला आणि माझ्या पाटातला काडीकचरा मात्र साफ करून गेला, पाळी येईल तेव्हा थेंब वाया जाऊ नये म्हणून. माझं अर्धं पीक गेलं. सगळ्यांत आधी वाळलं ते त्याचं शेत, जे पाण्याला सगळ्यांत जवळ होतं. मला त्याचा इतका संताप आला की मी त्याला वेडा म्हणालो. पाणी तिकडं वळवायला फावड्याच्या एका घावाचं काम होतं.

"म्हणूनच," तो म्हणाला. "माझं सगळ्यांत जवळ. मी माझ्यापासून सुरुवात केली तर टोकापर्यंत कधी पोचणार?"

त्याचं शेत शेवटी, हा तर नेम होताच. त्यापुढं आणखी एक होता, आणि तो मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला नसता तर मला खरा वाटला नसता. एकदा संध्याकाळी मार्केटातून परत येताना मी बांधावरून सायकल ढकलत निघालो होतो. सगळी शेतं भिजून झालेली, आणि हा दगडी दारापाशी उकिडवा बसलेला. मला बघून उठला.

"यजमानरे, बरं झालं आलात. तेवढं म्हणा की."

"काय म्हणू?"

"नीरगंटीच्या शेताला पाणी सोडा, असं."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. गावाची रीत अशी की नीरगंटीनं आपल्या शेतासाठी तोंड उघडायचं नाही. पाणी मागायचं नाही, हद्द सांगायची नाही, भांडायचं नाही. ज्याच्या हातात सगळ्यांचं पाणी, त्यानं स्वतःसाठी मागायला सुरुवात केली तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याच्या शेतासाठी गावानं बोलायचं. सगळं झालं की बांधावर जो कुणी असेल त्यानं ते वाक्य म्हणायचं, मगच तो दार उघडणार. त्या दिवशी जत्रेमुळे बांधावर कुणी नव्हतं आणि हा दुपारपासून वाट बघत बसला होता.

"अरे, शेत तुझं, फावडं तुझं, दार तुझ्या हातात! आणि माझ्यासारख्या मेथीवाल्याची वाट बघतोस?"

"तुमचंही शेत आहे इथं. तुम्ही गावातले."

मी धंदेवाला माणूस. अशी संधी सोडतो थोडीच? म्हणालो, "म्हणतो. पण मग शेत मला दे."

तो पहिल्यांदा खळखळून हसला. त्याला पुढचे दोन दात नव्हते. मग मी हात वर करून, तमाशातल्या राजासारखं, तळ्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "नीरगंटीच्या शेताला पाणी सोडा!" त्यानं दार उघडलं, "बा, बा" म्हणत पाण्याबरोबर खाली उतरला. त्यानंतर कितीदा तरी मी मुद्दाम बांधावरून सायकल नेली. गावातला म्हणून मला मान देणारा तो एकटाच होता. बाकीच्यांना मी शहरातला मराठी व्यापारी.

मग शहरच गावात आलं. तळ्याखालची सगळी जमीन घरांच्या लेआउटसाठी घ्यायचं ठरलं. कोणाची किती हे लिहून घ्यायला एक साहेब नकाशा आणि घडीची खुर्ची घेऊन आले. बांधावरच्या चिंचेखाली गाव जमलं. पटेल साहेबांच्या शेजारी, स्वतःच्या घरून आणलेल्या खुर्चीवर. आम्ही उभे. नीरगंटी उन्हात उभा, कारण साहेबांना हद्दी दाखवायला त्याच्याखेरीज कुणाला येत नव्हतं.

त्यानं त्या सकाळी काय काम केलं ते सांगायला हवं. फावडं टेकवत तो शेत-शेत फिरला. इथून त्या उंबरापर्यंत गौडाच्या विधवेचं. हा पाट दोघा भावांचा, पाणी अर्धं-अर्धं, पण बांध धाकट्याचा. बारा वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या त्या दोघा भावांनी तिथंच एकदम मान डोलावली. माझ्या शेताशी आल्यावर पटेल खाकरला आणि म्हणाला, पश्चिमेची हद्द इतकी पुढं नव्हती. माझ्याकडे कागद होता, पण हद्दीचा दगड दिसत नव्हता. नीरगंटीनं फावडं रोवलं आणि खणलं. गुडघाभर खाली दगड निघाला. "इथं आहे," एवढंच तो म्हणाला. साहेबांनी लिहून घेतलं. माझं दोन गुंठ्यांचं नुकसान टळलं.

असं करत करत सगळी शेतं झाली. शेवटचं उरलं. बांधालगतचं.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

नीरगंटी फावड्यावर हात ठेवून उभा राहिला आणि आमच्याकडे बघायला लागला. एकेकाच्या तोंडाकडे. माझ्याही. मी तो चेहरा ओळखला, टॉवेलाखाली हात ठेवून बसलेल्या माणसाचा तोच चेहरा होता. मला मनातून हसू आलं. तीन वर्षं मला ज्यानं हरवलं ते मौन आता साहेबांवर चालणार, बघू या साहेब किती टिकतात, असं मला वाटलं. मी मजा बघत उभा राहिलो. देवाशपथ, मी मजा बघत होतो.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "कुणाचं? लवकर बोला."

धाकट्या भावानं थोरल्याकडे बघितलं. गौडाच्या विधवेनं पदर तोंडात धरला. पटेलाची नजर आम्हा सगळ्यांवरून फिरत होती, आणि ज्याच्यावर पडेल तो खाली बघत होता. मग पटेल म्हणाला, "ते गावचं, साहेब. म्हणजे पटेलकीचं. हा तिथं राबायचा."

साहेबांनी लिहिलं. खुर्चीची घडी झाली. पटेल उठला.

नीरगंटी तळ्याच्या दाराशी गेला, ते नीट बसलंय का बघितलं आणि घराकडे चालायला लागला. मी मागं धावलो. मी त्याचा दंड धरून त्याला गदागदा हलवलं. "तोंड होतं ना तुला? सगळ्या गावाची हद्द सांगितलीस, माझा दगड खणून काढलास! एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

त्याला माझा राग आला नाही. त्याला कोडं पडलं होतं.

"मी कसं म्हणणार, यजमानरे?" तो म्हणाला. "ते तुम्ही म्हणायचं ना."

पुढचे सहा महिने मी कचेऱ्या झिजवल्या. अर्ज केले, आरडाओरडा केला, दोनदा शिपायांनी मला बाहेर काढलं. साक्षीला कोण येणार, असा प्रश्न आला. मी घरोघर गेलो. थोरला भाऊ म्हणाला, "सरी, बरं, बघू नंतर." धाकटा म्हणाला, थोरला आला तर येतो. गौडाच्या विधवेनं मला ताक दिलं, रडली, आणि म्हणाली की पटेलाच्या विहिरीचं पाणी बंद झालं तर ती काय करील. नीरगंटीला मी ओढत आत नेलं असतं, पण तो कचेरीच्या पायरीपाशी थांबून विचारायचा, "गावातलं कोण आलंय?" मी म्हणायचो, मी आलोय. तो म्हणायचा, "तुम्ही आता आलात," आणि तिथंच बसायचा. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

बांध फोडून तळं रिकामं केलं त्या दिवशी तो गावात थांबला नाही. मुलीच्या घरी निघाला, आणि जाताना वाट वाकडी करून माझ्या घरी आला. माझ्या बायकोला म्हणाला, "अक्का, हे ठेवून घ्या, तिकडं तळं नाही," आणि फावडं दारामागं उभं केलं. कॉफी प्यायला. माझ्याकडे बघून हसला, तसाच, दोन दातांशिवाय. दोन वर्षांनी मुलीनं कळवलं की गेला.

लेआउटमध्ये तो तुकडा मोबदल्यात पटेलालाच मिळाला, आणि आता त्या शेतावर पटेलाच्या मुलाचं दुमजली घर आहे. बांधातून झिरपायचं ते पाणी अजून कुठून तरी येतं, त्यांच्या भिंतीला ओल धरते, दरवर्षी ते रंग देतात. मी त्यांच्या दारात तीनदा गेलो. ते म्हणतात, कागद आमच्या नावावर आहे आणि त्या वेळी कुणी हरकत घेतली नव्हती. हे खरं आहे. कुणी घेतली नव्हती.

म्हणून हे लिहिलं. चिंचेखाली उभे होते त्यांतले आम्ही पाच जण अजून जिवंत आहोत. आयुष्यभर मी सौद्यात तोंड आधी उघडलं नाही. आज उघडतो. बांधालगतचं शेत नीरगंटीचं होतं. मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही. त्याची मुलगी आहे, तिच्या बापाचं शेत कुठं गेलं ते ती विचारते आहे. बाकीच्या चौघांनी आता बोलावं, आणि पटेलाच्या मुलानं दार उघडून तिला उत्तर द्यावं. फावडं माझ्या दारामागं आहे. हद्दीचा दगड कुठं आहे ते मी खणून दाखवतो.