मुकचा हौद आणि सनितकाकांची शिट्टी

थायलंडच्या आखातावरचं ते प्राणिसंग्रहालय जुनं. डॉल्फिनच्या हौदाला तडे गेले होते. भिंत फोडायची, तर म्हातारी डॉल्फिन मुक आधी मागच्या हौदात जायला हवी होती, आणि तीही आपल्या मनाने. जाळं टाकून झोळीत घातली असती, तर त्या वयात भेदरून मेलीच असती.

तिला कित्येक वर्षं रम्पायच सांभाळत होती. रम्पायची शिट्टी एकदाच आणि आखूड वाजायची. त्याचा अर्थ, बरोबर केलंस, मासा मिळणार.

पण काम सुरू झालं आणि काँक्रीटच्या गाड्या मागे घ्यायला सनितकाका आले. गळ्यात पांढरी दोरी, तोंडात शिट्टी. दिवसभर पिर्र, पिर्र, पिर्र. प्रत्येक वेळी मुक डोकं वर काढायची. मासा नाही. मग तिने डोकं काढणंच सोडलं, रम्पायच्या शिट्टीलासुद्धा.

"काका, हाताने खुणा करा ना."

"ड्रायव्हर आरशात बघतात होय? शिट्टी थांबली की ते थांबतात, पोरी."

"मग हळू वाजवा."

"हळू शिट्टी कुठे मिळते, सांग. आणतो."

संग्रहालयाचे साहेब म्हणाले, आपसात मिटवा.

रम्पायने कपाळावर हात मारला आणि कामाला लागली. बांगडे बारीक चिरले. दोन हौदांमधल्या फाटकापाशी भर उन्हात उभी राहिली. काकांची शिट्टी वाजली की फाटकाशी पाण्यात एक तुकडा. वाजली की तुकडा. खांदे भरून आले. कपड्यांचा वास घरच्यांना सहन होईना. पण आठवडा संपता संपता मुक शिट्टीसरशी फाटकाशी येऊ लागली.

भिंत फोडायला उद्या यंत्र येणार होतं. आज गाड्या नव्हत्या. रम्पायने फाटक उघडलं, आपली शिट्टी वाजवली. मुकने ढुंकून पाहिलं नाही. पुन्हा वाजवली. नाहीच.

तिने काकांना फोन लावला.

"मी विहारात आहे. आज उपोसथ, व्रताचा दिवस. गाणंबजावणं वर्ज्य."

"तुमच्या शिट्टीला गाणं कोण म्हणेल, काका?"

"भंतेंना विचारतो."

थोड्या वेळाने काका आले, पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जीव वाचत असेल तर वाजव. पण मजा घेऊ नकोस."

ते मागच्या हौदाच्या काठावर उभे राहिले आणि नसलेल्या गाडीला हाताने मागे बोलवत वाजवू लागले. पिर्र, पिर्र. सवयच ती. मुक वळली, फाटकाशी क्षणभर थबकली आणि सरळ पलीकडे गेली.

रम्पायने फाटक लावलं, खिट्टी ओढून पाहिली, परत ओढली. मग अख्खा बांगडा मुकच्या तोंडात दिला.

"इतकी वर्षं मी भरवते," ती मुकला म्हणाली, "आणि ऐकतेस कुणाचं?"

काका शिट्टी खिशात ठेवत होते.

"ठेवू नका," रम्पाय म्हणाली. "ती इथे रमेपर्यंत रोज यायचंय तुम्हाला. आणि बांगडे चिरायला पण."