मात्तु आणि माट्टु

पापनाशमच्या कार्यक्रमात थोरल्या भावाच्या गिटारचा आवाज दबला आणि त्यानं खापर माझ्यावर फोडलं. अँप आणि स्पीकरच्या मधली वायर मी सोल्डर करून दिली होती ना! तंजावूरला परतल्यावर अण्णा थेट दुकानात गेला. मग जाडजूड नवी केबल घेऊन आला. "आता ऐक फरक."

मी फिजिक्स शिकवते. दोन हात वायरीनं आवाज पालटतो, हे मला कुणी सांगू नये. तरी दोन्ही लावून बघायला तयार झाले.

स्टेजवर बसतो तसा तो अँपकडे पाठ करून बसला. आधी माझी वायर. त्यानं तार छेडली आणि चरफडला. मी अँप बंद करून वायर काढली. डोक्यावर पंखा खडखडत होता. तो ओरडला, "मात्तु!"

आमच्या घरच्या मराठीत तमिळ शब्द सर्रास येतात. मात्तु म्हणजे बदल, माट्टु म्हणजे अडकव. मला माट्टु ऐकू आलं. याला तीच पुन्हा ऐकायची असेल, असं समजून मी माझीच वायर परत लावली.

त्यानं तीच तार छेडली. "बघ, कसा भरीव झाला! कान आहेत का तुला?"

नवी केबल माझ्या मांडीवर होती. मी ती त्याच्या पुढ्यात टाकली.

त्यानं केबल उचलली, तिची दोन्ही टोकं मोकळी होती.

"मी मात्तु म्हटलं होतं," तो म्हणाला. "तमिळ कधी येणार गं तुला?"